शिट्टीचा मान

आमच्या जिल्हा संस्थेत सुरक्षा अधिकाऱ्याची निवड दरवर्षी बिनविरोध होते, कारण ते पद कोणालाच नको असतं. अध्यक्षपदासाठी दोन गट पडतात, सचिवपदासाठी रुसवेफुगवे होतात, खजिनदार कोण यावर चहा थंड होतो. पण सुरक्षा अधिकाऱ्याचा विषय आला की सगळी सर्वसाधारण सभा छताच्या पंख्याकडे बघायला लागते. त्या वर्षी अशीच शांतता पसरली होती आणि मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "बाईले करा न. तसंही त्या सगळ्यात जास्त भेतात."

सभा हसली. मीही हसले, कारण खोटं काही नव्हतं. मी जन्माची भित्री. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी. मोटारसायकलवर मागे बसले की नवऱ्याचा शर्ट इतका घट्ट धरते, की तो म्हणतो इस्त्री वाया गेली. आणि असल्या बाईची मुलगी धनुष्यबाण घेऊन रानात हिंडायला लागली, हा देवाने केलेला विनोदच म्हणायचा.

तिचा खेळ सपाट मैदानावरचा नाही. यात टेकडी चढायची, नाला ओलांडायचा, झाडाझुडपांतून वाट काढायची आणि जागोजागी ठोकलेल्या खुंटीपाशी उभं राहून दूरच्या लक्ष्यावर बाण सोडायचा. काही लक्ष्यांवर जनावरांची चित्रं असतात. रानडुकराचं चित्र पाहून आमच्याकडचे शेतकरी खूष होतात. एकाने तर ते वावरात लावायला मागितलं होतं. लक्ष्याच्या मागे कडब्याच्या पेंढ्या कच्चून बांधलेल्या असतात, आणि त्या शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून आदल्या दिवशी राखण ठेवावी लागते. असा हा राष्ट्रीय खेळ.

मुलगी या खेळात पडली म्हणून मी संस्थेत पडले. ती बाण सोडते तेव्हा मी जवळ असावं, एवढाच हेतू. तिला काही होईल याची भीती मला कधी वाटली नाही. माझी भीती वेगळी होती आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. आपल्या पोरीचा बाण एखाद दिवशी कोणाला तरी लागेल, हे मला वाटायचं. बाण लागलेला माणूस मला दिसायचा नाही, फक्त तिचा चेहरा दिसायचा. त्या विचाराने पोळी लाटता लाटता माझे हात थांबायचे.

पद मिळालं आणि मी संस्थेची घटना वाचून काढली. बाकीच्यांनी ती वाचली असेल असं मला वाटत नाही. जिल्हा राज्याच्या हाताखाली, राज्य राष्ट्रीय संस्थेच्या हाताखाली. नियम वरून येतात, खाली ते फक्त पाळायचे. सुरक्षा अधिकारी कार्यकारिणीत बसतो, पण त्याला मत नाही. आधी मला हे अपमानाचं वाटलं. मग पुढचं कलम वाचलं: मैदानावर शिट्टी फक्त त्याच्याकडे, आणि ती वाजली की अध्यक्षांसकट सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. मत नाही, कारण त्याने कोणाची मर्जी धरू नये. मला हे पटलं. दुसरी शिट्टी मैदानावर आणायची नाही, असंही लिहिलं होतं, म्हणजे गोंधळ नको. मी स्पर्धेच्या सकाळी पोरांच्या पिशव्या तपासायचे.

आमच्या कार्यकारिणीने त्यात स्वतःचा एक ठराव घातला होता. आमच्याकडे खेळ बघायला आलेली माणसं गप्प बसत नाहीत. "मार", "सोड", "थांब बे", "आता सोड" असा गलका चालतो आणि नवख्या पोरांचे हात त्या आवाजाने हलतात. म्हणून ठरलं की खेळाडूने शिट्टी सोडून कोणाच्याही ओरडण्याकडे लक्ष द्यायचं नाही. ठराव चांगला होता. पोरांच्या अंगवळणी पडेपर्यंत प्रशिक्षकांनी तो घोटून घेतला. माझी मुलगी तर इतकी तयार झाली, की धनुष्य ताणल्यावर शेजारी फटाका वाजला तरी तिची पापणी हलायची नाही.

त्या वर्षी राज्यासाठी निवड करणारी स्पर्धा आमच्या जिल्ह्याला मिळाली. जागा ठरली अनसिंगकडची, ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी पडीक जमिनीतली टेकडी. राष्ट्रीय संस्थेचा निरीक्षक येणार होता. सगळं नीट झालं तर आमची मान्यता पक्की, आणि चांगले गुण मिळवणारी पोरं राज्याच्या संघात. माझी मुलगी तेव्हा नुकतीच सज्ञान झाली होती आणि खेळाडूंची प्रतिनिधी म्हणून कार्यकारिणीत आली होती. वरून नियमच आला होता, की खेळाडूंचाही एक आवाज असला पाहिजे. बैठकीत ती माझ्यासमोर बसायची. तिला मत होतं, मला नव्हतं, यावरून घरी माझी भरपूर थट्टा व्हायची.

टेकडीची पाहणी करताना शेवटच्या लक्ष्यापाशी माझे पाय अडले. लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बांध होता, ते ठीक. पण बांधाच्या कडेने, पळसाच्या झुडपांआडून एक पांदण, शेतांतून जाणारी अरुंद वाट, निघत होती आणि लक्ष्याच्या उजव्या अंगाला उघड्यावर येत होती. खाली नाल्याकाठी भाजीपाल्याची वावरं होती. तिथल्या बाया सकाळी मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी तोडून डोक्यावर गठुडी घेऊन याच पांदणीने वर रस्त्याला लागायच्या आणि दुपारच्या गाडीने वाशीमला जायच्या. दुसरी वाट होती, पण फार लांबून.

मी खाली गेले. त्यांच्यातली एक म्हातारी, सुरकुतलेल्या हातांची, विळा खाली न ठेवताच बोलत होती. मी सांगितलं, त्या दिवशी सकाळभर पांदण बंद ठेवावी लागेल.

"सकाळभर राहू द्या," ती म्हणाली. "पण गाडी काई आमच्यासाठी थांबत नाई बाई. सांभार एका दिवसात पिवळा पडते."

"गाडीच्या आधी आमचं आटपतं. दोरी सोडून ठेवतो, तुमी बिनधास्त या."

"नक्की का?"

"नक्की."

त्यावर तिने मान हलवली आणि पुन्हा खाली वाकली. मी कार्यकारिणीत हे सांगितलं. सगळ्यांनी होकार दिला. पांदणीच्या दोन्ही तोंडांना दोरी आणि लाल झेंड्या लावायच्या, प्रत्येक दोरीशी एक कार्यकर्ता उभा करायचा, आणि शेवटच्या लक्ष्यावरचा खेळ गाडीच्या बराच आधी संपवायचा, असं ठरलं.

स्पर्धेच्या दिवशी सगळं वेळेवर सुरू झालं असतं, पण प्रमुख पाहुणे आले नव्हते. पाहुण्यांशिवाय सुरू करायची आमच्याकडे रीत नाही. मंडपात सोफा मांडलेला, ताटात शाल-श्रीफळ, हार पाण्याने ओले ठेवलेले, आणि टेकडीवर ऊन चढत चाललेलं. मी अध्यक्षांकडे दोनदा गेले. माणूस वाईट नव्हता. याच माणसाने स्वतःच्या पैशातून पोरांसाठी पहिली बांबूची धनुष्यं करून आणली होती. पण पाहुण्यांचा विषय निघाला की ते वेगळेच होत.

"येऊन राह्यले, येऊन राह्यले. मालेगाव सोडलं त्याईनं."

अखेर गाड्यांचा ताफा आला. सत्कार झाला. भाषणं झाली. राष्ट्रीय निरीक्षक तोवर कंटाळून टेकडीच्या पलीकडे खुंट्यांची अंतरं मोजायला निघून गेले होते. आणि मग शुभारंभाची वेळ आली तेव्हा अध्यक्ष हसत हसत माझ्याकडे वळले आणि हात पुढे केला.

"बाई, शिट्टी द्या. सायबाच्या हातून सुरू करू."

मी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. तेव्हा मला वाटलं, फुंकतील आणि देतील. पाहुण्यांनी फुंकली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. अध्यक्षांनी मोठ्या कौतुकाने ती शिट्टी दोरीसकट पाहुण्यांच्या गळ्यात घातली, हाराच्या वर. पहिला जथा टेकडीवर चढायला लागला. पाहुणे सोफ्यावर बसले. शाल, हार आणि त्यात माझी शिट्टी.

मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "साहेब, शिट्टी..."

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "अवं बाई, पाहुन्याच्या गळ्यातून काढता का आता? लोकं काय म्हनतील? जेवले का देतीन ते."

"नियमात बसत नाही."

"इतक्यात काय होते? तुमी लयच भेता."

सगळे तेच म्हणत आले होते, मलाही तेच वाटत आलं होतं. मी टेकडीकडे चालायला लागले. गळा मोकळा लागत होता. चालताना हात सारखा छातीपाशी जात होता आणि तिथे काही नव्हतं. भीती वाटत होती, पण ती मला नेहमीच वाटते, म्हणून तिच्यावर कितपत विश्वास ठेवायचा हे कळत नव्हतं.

उशीर व्हायचा तो झालाच होता. मी शेवटच्या लक्ष्याच्या वरच्या अंगाला पोचले तेव्हा खाली डांबरी रस्त्याकडे माझं लक्ष गेलं. गाडीची वेळ होत आली होती आणि शेवटच्या लक्ष्यावरचा खेळ आता सुरू होत होता. दोरीपाशी कोणी नव्हतं. दोन्ही कार्यकर्त्यांना पाहुण्यांबरोबर फोटोसाठी मंडपात बोलावून नेलं होतं, हे मला नंतर कळलं. झेंड्या वाऱ्यावर हलत होत्या. आणि नाल्याकडच्या तोंडाशी दोरी सोडून बाजूला गुंडाळून ठेवलेली होती, अगदी व्यवस्थित, सुतळी सांभाळून ठेवणाऱ्या माणसाने गुंडाळावी तशी.

पळसाच्या झुडपांआडून हिरवी गठुडी हलताना दिसली. एक, तिच्या मागे दुसरी.

खुंटीपाशी माझी मुलगी उभी होती. तिने धनुष्य उचललं होतं.

मी ओरडले. आयुष्यात इतक्या जोरात मी कधी ओरडले नाही. "थांब! थांब, सोडू नको!" माझा हात गळ्याशी गेला, शिट्टी धरायला. मी उतारावरून पळायला लागले, चप्पल निघाली, खडे टोचले ते कळलं नाही. बघायला आलेल्यांपैकी दोघंतिघंही ओरडायला लागले, पण ते काय ओरडत होते देव जाणे, कदाचित नेहमीसारखंच "सोड" म्हणत असतील. मुलीने दोरी गालापर्यंत ताणली. तिची पाठ सरळ होती, खांदे स्थिर होते, प्रशिक्षकांनी शिकवलं होतं तसे. माझ्या डोळ्यांसमोर तो चेहरा आला, जो मी वर्षानुवर्षं बघत आले होते. मी अजून ओरडत होते आणि बाण सुटला.

बाण मधोमध लागला. रानडुकराच्या खांद्यामागे, जिथे सगळ्यात जास्त गुण असतात तिथे. टाळ्या पडल्या. आणि टाळ्या चालू असतानाच म्हातारी लक्ष्याच्या उजव्या अंगाने उघड्यावर आली, डोक्यावर सांभाराचं गठुडं, एक हात वर धरलेला. बाण अजून थरथरत असेल, इतक्या लगेच आणि इतक्या जवळून ती गेली. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या मागून दुसरी आली, मग तिसरी.

मी उतारावर मध्येच बसले. म्हातारी माझ्यापाशी येऊन थांबली. मी अशी धुळीत बसलेली, अनवाणी, हे तिला काहीतरी विचित्र वाटलं असणार.

"काय झालं बाई? पडली का?"

मी तिच्या मागे पांदणीकडे बोट केलं.

"गाडीचा टाइम झाला होता न," ती म्हणाली. "तुमीच म्हनलं होतं, बिनधास्त या. दोरी बांधेल होती, म्हनून सोडली. गुंडायून ठेवली हाय तिथंच."

मी मान हलवली. ती रस्त्याकडे चालायला लागली. त्या बायांनी आपला शब्द पाळला होता, सकाळभर थांबल्या होत्या.

मुलगी धनुष्य खाली टेकवून माझ्याकडे आली. तिने बायांना पाहिलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, ओठांना रंग नव्हता. मी तिला म्हणाले, "तुला ऐकू नाही आलं का गं?"

तिने वळून लक्ष्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आलं होतं, आई. तुहाच आवाज होता, ते बी समजलं. पण शिट्टी नोती."

मी आजवर ऐकलेल्या वाक्यांत हे सगळ्यात भयंकर वाक्य आहे. तिची काही चूक नव्हती. आम्हीच तिला तसं घडवलं होतं, ठराव करून, हात वर करून, आणि ती आमचं ऐकत होती.

संध्याकाळी निरीक्षकांना स्पर्धा सुरक्षित पार पडली की नाही याबद्दल संस्थेचं म्हणणं द्यायचं होतं. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. मंडपातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या गोल करून कार्यकारिणी बसली. मी घडलं ते सगळं सांगितलं.

सचिव म्हणाले, "लागलं का कोनाले? नाई न. मंग?" कोणी म्हणालं, सांगितलं तर आजचे सगळे निकाल रद्द होतील, मान्यता अडकेल, पोरांचं वर्ष जाईल. अध्यक्ष खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, "बाई, तुमच्या पोरीचाच पह्यला नंबर हाय. तिच्यासाठी तरी."

आणि मला हे लिहायला लाज वाटत नाही, की त्या क्षणी मलाही तेच हवं होतं. तिने राज्याच्या संघात जावं, हे सगळं इथेच मिटावं. मला मत नव्हतं, आणि त्या दिवशी मला ते बरं वाटलं.

हात वर झाले. सांगावं म्हणणाऱ्यांना एक हात कमी पडत होता. सगळे खेळाडूंच्या प्रतिनिधीकडे बघायला लागले, कारण तिने अजून कुठलाच हात वर केला नव्हता. माझी मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली होती. धनुष्याची दोरी ओढायचा तिचा उजवा हात तिने डाव्या हाताने धरून ठेवला होता. मग तो तिने सोडला आणि वर केला.

"सांगा," ती म्हणाली. "म्या सोडेल बाण होता तो."

निकाल रद्द झाले. आमच्या जिल्ह्याला त्या हंगामात बाहेर बसावं लागलं. वरून चौकशी आली, ठराव बदलला, आता कोणीही "थांब" म्हटलं तरी थांबायचं असा नियम झाला. अध्यक्षांनी नंतर एकदा माझ्या घरी येऊन चहा घेतला आणि जाताना कप स्वतः उचलून ओट्यावर ठेवला.

मुलीचा नेम मात्र गेला. डोळे तेच, हात तेच. ती धनुष्य उचलते, ताणते, आणि खाली घेते. पुन्हा ताणते, लक्ष्याच्या उजवीकडे बघते, खाली घेते. प्रशिक्षक म्हणायचे, सोड, काही नाही तिथे. ती म्हणायची, हो. आणि खाली घ्यायची. मी घरी तिला समजावलं, की इतकं घाबरून कसं चालेल. ती माझ्याकडे बघून हसली. जन्मभर मला वाटत आलं होतं की माझ्या पोरीला माझ्यातलं काही मिळालं नाही ते फार बरं झालं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत सुरक्षा अधिकाऱ्याचा विषय आला आणि सभा पंख्याकडे बघायला लागली. मी पुन्हा उभी राहणारच होते. त्याआधी माझ्या पलीकडून हात वर झाला. आपण प्रतिनिधीपद सोडतो, असं मुलीने सांगितलं, आणि हे पद मागितलं. कोणी हसलं नाही.

मी शिट्टी काढून तिच्या हातात दिली. दोरी माझ्या घामाने ओलसर होती, ती तिने कपड्याला पुसली नाही, तशीच गळ्यात घातली.

मान्यता परत मिळाल्यावर पहिली स्पर्धा त्याच टेकडीवर झाली. मी पहिल्यांदाच मंडपात बसले. पाहुणे आले, शाल-श्रीफळ झालं, आणि शुभारंभाला अध्यक्षांनी स्वतः टाळी वाजवली. पाहुण्यांच्या गळ्यात फक्त हार होता. ऊन चढलं. गाडीची वेळ जवळ आली तशी मी खुर्चीतून उठले, आणि रस्त्यावर हॉर्न ऐकू यायच्या कितीतरी आधी टेकडीवरून शिट्टी वाजली. खुंटीखुंटीवरची धनुष्यं खाली आली. पांदणीतून गठुडी वर आली, एकामागून एक.

म्हातारी माझ्यासमोरून जाताना म्हणाली, "तुही पोरगी टाइमाची पक्की हाय."

मी टेकडीकडे पाहिलं. शेवटची बाई रस्त्याला लागली होती, तरी मुलीने शिट्टी तोंडातून काढली नव्हती. एका हाताने तिने दोरी गळ्याशी घट्ट धरली होती, मी मोटारसायकलवर नवऱ्याचा शर्ट धरते तशी. मला तिला हाक मारायची होती. पण ती पांदणीकडे बघत होती, म्हणून मी मारली नाही.